खिडक्या कोणाकडून घ्यायच्या: वहीतल्या नोंदी

६ जानेवारी

भिंती लिंटेलपर्यंत आल्या. मिस्त्रींनी आज तिसऱ्यांदा विचारलं, "ताई, चौकट भिंतीत कुठं बसणार, आतल्या अंगाला की बाहेरच्या?" मला सांगता येईना, कारण चौकट कोणाची येणार तेच ठरलेलं नाही. म्हणून आजपासून ही वही.

चौदा खिडक्या, एक दोन झडपांचं दार, एक मोठं सरकतं दार. आतून लाकूड आणि बाहेरून ॲल्युमिनियम, एवढं मात्र पक्कं. आत लाकूड हवं हा माझा हट्ट. दर चार-पाच वर्षांनी शिडी लावून बाहेरून रंग देत बसणार नाही हा नवऱ्याचा. दोन्ही हट्ट एका वस्तूत मावतात हे कळल्यावर वाद मिटला आणि कोटेशनं मागवायला सुरुवात झाली.

तीन आली आहेत. फर्मची खरी नावं वहीत लिहायची नाहीत, नाव वाचलं की मत आधीच बनतं. म्हणून टोपणनावं. शोरूमवाले: गुळगुळीत कॅटलॉग, तितकंच गुळगुळीत बोलणं. कारखानेवाले: लाकूड स्वतः कापतात, मेलला दोन दिवसांनी उत्तर देतात, तेही एका ओळीत. दूरचे: उत्पादन मोठं, माल ट्रकने येणार, दर सगळ्यांत कमी.

तिन्ही कागद शेजारी ठेवले तर तुलनाच होत नाही. शोरूमवाल्यांनी बाहेरच्या सिल (खिडकीखालच्या, पाणी बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) धरल्यात, बसवणं धरलंय, पण सरकत्या दाराचा उंबरठा "अतिरिक्त". दूरच्यांच्या दरात माल ट्रकमधून उतरवणंसुद्धा नाही. कारखानेवाल्यांनी जिन्यातल्या खिडक्या उघडणाऱ्या धरल्या, बाकी दोघांनी बंद काचेच्या. बंद खिडकी स्वस्तच पडणार की!

९ जानेवारी

आर्किटेक्ट मॅडमकडे तासभर बसले. "लाकूड-ॲल्युमिनियम" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात, हे मला माहीतच नव्हतं.

पहिल्या जातीत खरी खिडकी लाकडाची असते. बिजागऱ्या, कडी, काचेचं वजन, सगळं लाकूड पेलतं. ॲल्युमिनियम म्हणजे वरून घातलेला रेनकोट. प्लॅस्टिकच्या क्लिपांवर टांगलेला, मध्ये हवेची थोडी फट. दुसऱ्या जातीत उलटं. मूळ चौकट ॲल्युमिनियमची, मध्ये उष्णता अडवणारी पॉलिअमाइड या प्लॅस्टिकची पट्टी, आणि आतून दिसायला लाकडाचा मुलामा. तीही वाईट नाही, मोठ्या काचांना बारीक चौकट मिळते. पण ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून जास्त वेगानं जाते (गणितात ॲल्युमिनियमचा आकडा १६० धरतात आणि मऊ लाकडाचा ०.१३ च्या आसपास), तेव्हा तिथं सगळी भिस्त त्या मधल्या पट्टीवर.

घरी येऊन दूरच्यांचे उभे छेद पुन्हा पाहिले. खिडक्या पहिल्या जातीच्या, सरकतं दार दुसऱ्या. हे कोटेशनमध्ये कुठंही लिहिलेलं नाही, फक्त रेखाचित्रात दिसतं. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आतून बघितलं तर कळत नाही." हो, पण मी विचारलं ते वेगळंच होतं.

११ जानेवारी

एकच तक्ता करून तिघांना पाठवला. प्रत्येक खिडकीला क्रमांक, माप, कुठली झडप कुठं उघडते, काच कोणती, सिल कोणाची, बसवणं कोणाचं, उतरवणं कोणाचं. "याच तक्त्यात भरून द्या, स्वतःच्या नमुन्यात नको."

झडपा आत उघडणाऱ्या आणि वरून कलणाऱ्या, हे सासूबाईंमुळे ठरलं. मी बाहेर उघडणाऱ्यांच्या बाजूची होते, आतली जागा अडत नाही म्हणून. त्यांनी नकाशा बघून एवढंच विचारलं, "अगं, वरच्या मजल्यावरच्या काचा बाहेरून पुसायच्या कोणी?" जाळी बाहेरच्या बाजूला बसते हा आणखी एक फायदा निघाला.

१४ जानेवारी

आज फक्त आकडेमोड. तिन्ही कोटेशनांच्या पहिल्या पानावर यू-व्हॅल्यू छापलीय: शोरूमवाले ०.५, दूरचे ०.८६, कारखानेवाले ०.९१. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी निसटते. म्हणजे शोरूमवाले सरस आणि कारखानेवाले तळाला. नवरा म्हणाला, मग अडलंय कुठं?

अडलंय ते असं, की हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. शोरूमवाल्यांचा ०.५ नुसत्या काचेच्या मधोमधचा, म्हणजे यू-जी. चौकट त्यात नाहीच. दूरच्यांचा ०.८६ अख्ख्या खिडकीचा, पण १.२३ बाय १.४८ मीटरच्या प्रमाण मापाच्या खिडकीचा. ते माप आमच्या घरात एकाही ठिकाणी नाही. आणि कारखानेवाल्यांनी आमच्या खऱ्या खिडक्यांची सरासरी काढून दिलीय, हे त्यांच्या एका ओळीच्या मेलमध्ये शेवटी होतं.

गणित अवघड नाही. दूरच्यांच्या आकड्यांवर स्वतः करून पाहिलं. चौकटीची रुंदी सगळीकडून ११५ मिमी. काच १.२५ चौ.मी., तिची यू-जी ०.६, गुणाकार ०.७५. उरलेली चौकट ०.५७ चौ.मी., तिची यू-व्हॅल्यू, म्हणजे यू-एफ, १.१, गुणाकार ०.६३. तिसरी गोष्ट काचेची कड: दोन काचांमध्ये अंतर ठेवणारी जी पट्टी असते तिच्यातून जाणारी उष्णता, काचेच्या घेरावर मोजतात. ४.५ मीटर गुणिले ०.०४, म्हणजे ०.१८. बेरीज १.५६, भागिले १.८२ चौ.मी. आलं ०.८६. कागदावरचा आकडा खरा निघाला, त्याबद्दल त्यांना गुण.

आता हीच चौकट, हीच काच न्हाणीघराच्या ६० बाय ९० सेमीच्या खिडकीला लावली: १.०२. बैठकीतल्या २.४ बाय १.६ मीटरच्या बंद काचेला: ०.७९. कंपनी तीच, माल तोच. लहान खिडकीत चौकटीचा वाटा अर्ध्याहून जास्त होतो, दुसरं काही नाही. आणि ती कडेची पट्टी साधी ॲल्युमिनियमची घेतली तर ०.०४ च्या जागी ०.०८ धरायचे, मग प्रमाण मापाची खिडकी ०.८६ वरून थेट ०.९५. एवढ्याशा पट्टीनं! तिचा उल्लेख शोरूमवाल्यांच्या कोटेशनमध्ये नव्हता. विचारलं. साधी निघाली.

या गणितातून एक बदल झाला. जिन्यात एकाखाली एक तीन चिमुकल्या खिडक्या काढल्या होत्या, दिसायला फार गोड. त्यांची एक उभी खिडकी केली. मॅडम थोड्या खट्टू झाल्या.

१९ जानेवारी

तिघांकडून कोपऱ्याचे नमुने आले. चौकट आणि झडपेचा खालचा कोपरा, हातभर लांबीचा. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू ड्रायव्हर, व्हर्नियर आणि नखं घेऊन बसले.

आधी ॲल्युमिनियम. उन्हात तापणाऱ्या गडद पट्टीचं तापमान सकाळ-दुपारमध्ये ६० अंशांनीही बदलू शकतं. आमच्या सरकत्या दाराची २.४ मीटरची पट्टी तेवढ्यानं सव्वातीन मिलिमीटर लांब होईल. तिच्यामागचं लाकूड लांबीत जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण लाकूड आडव्या दिशेनं ओलाव्यानं फुगतं, जे ॲल्युमिनियम कधीच करत नाही. म्हणजे हे दोघं एकमेकांना घट्ट बांधलेले असले की भांडण ठरलेलं. कारखानेवाल्यांच्या नमुन्यात काळ्या फिरत्या क्लिपा आहेत, चौथाई वळण दिलं की पट्टी हातात येते. मागं हवेची फट ५ मिमी. शोरूमवाल्यांची तशीच, फट ४. दूरच्यांची पट्टी लाकडाच्या कडेवर सरळ चेपून बसवलेली, एका बाजूला लाकडाला टेकलेली. ती उचकटली तर खाली लाकडावर रंगाचा एकच पातळ हात, बोट फिरवलं तर रेषा लागतात. दिसणाऱ्या बाजूला तीन हात, झाकलेल्या बाजूला एक.

कोपऱ्यातली जोड: शोरूमवाल्यांची तिरकी कापून आतून कोनपट्टीनं आवळलेली. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा त्या फटीत शिरला. कारखानेवाल्यांनी कोपरा वेल्ड करून, घासून, मग पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंग) केलंय. जोड शोधावी लागते.

मग खरी परीक्षा. नमुन्याच्या उघड्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि झडपेखालच्या खोबणीत दोन चमचे पाणी ओतलं. गॅस्केट (झडपेच्या कडेची रबरी पट्टी) कितीही चांगलं असलं तरी वाऱ्याच्या झोतात थोडं पाणी त्या खोबणीपर्यंत येणारच, आणि ते आपण होऊन बाहेर पडावं अशीच रचना असते. कारखानेवाल्यांच्या नमुन्यात ते एका दमात बाहेर आलं. दूरच्यांच्याही. शोरूमवाल्यांच्या नमुन्यात पाण्याची वाट कोपऱ्यापासून चार बोटं लांब, आणि खोबणीला ढाळ नाही. निम्मं पाणी कोपऱ्यातच बसून राहिलं. नेमकं तिथंच, जिथं उभ्या आणि आडव्या लाकडाचा सांधा आहे. आडव्या लाकडाचं कापलेलं टोक स्ट्रॉच्या जुडग्यासारखं पाणी ओढून घेतं.

रात्री अकरा वाजता नवरा पाणी प्यायला उठला, मला टॉर्च लावून खिडकीच्या तुकड्यात डोकावताना बघितलं आणि काही न बोलता परत गेला.

२७ जानेवारी

चाचण्यांचे कागद मागितले होते. तिघांनीही पाण्याचा वर्ग ९ए कळवला. ९ए म्हणजे ६०० पास्कल दाबापर्यंत पाणी आत आलं नाही, साधारण ताशी ११० किमीच्या वाऱ्याइतका दाब. ७ए असता तर ३००. हवेच्या गळतीचा वर्ग ४, म्हणजे सर्वांत वरचा. कागदावर तिघंही सारखे.

मग विचारलं, चाचणी कुठल्या मापाच्या नमुन्यावर केली? ईएन १४३५१-१ या खिडक्या-दारांच्या युरोपीय मानकाप्रमाणे पाणी आणि हवेचा निकाल नमुन्याच्या क्षेत्रफळाच्या दीडपटीपर्यंतच पुढं लावता येतो. शोरूमवाल्यांचा नमुना १.८२ चौ.मी.चा, एका झडपेचा. आमचं दोन झडपांचं दार ४.१४ चौ.मी. भरतं. म्हणजे त्या दाराला तो कागद लागूच होत नाही, आणि दोन झडपा मधोमध जिथं भेटतात तीच सगळ्यांत नाजूक जागा. कारखानेवाल्यांनी दोन झडपांच्या दाराचा वेगळा अहवाल पाठवला. त्यात वर्ग ७ए. मेलची ओळ: "दाराला ९ए मिळत नाही, वर छज्जा असेल तर ७ए पुरे." छज्जा आहे.

२ फेब्रुवारी

तिघांना सांगितलं होतं, नवीन घर दाखवू नका, निदान सहा-सात वर्षं जुनं दाखवा. दूरच्यांनी फोटो पाठवले. बाकी दोघांनी पत्ते दिले, मालकांना विचारून.

शोरूमवाल्यांचं घर आधी. नऊ वर्षांच्या खिडक्या, लांबून नव्यासारख्या. ॲल्युमिनियमचा रंग कुठं उडालेला नाही. घराचे मालक, काका, मोठे अगत्यशील, म्हणाले, "हवी ती उघडून बघा." पावसाचा मारा असलेल्या बाजूची झडप उघडली. खालच्या कोपऱ्यात लाकूड काळं पडलेलं. काकांनीच अंगठ्याचं नख दाबलं, ते आत गेलं. बाहेर जाऊन वाकून पाहिलं तर कारण समोर होतं: सिल आणि चौकट यांच्यामध्ये कोणीतरी सिलिकोनची जाड पट्टी ओढलेली, आणि तिनं पाण्याच्या वाटा बुजवलेल्या. बसवताना केलेलं काम. पुरवठादार म्हणतो, बसवणारा आमचा नव्हता. बसवणारा म्हणतो, खिडकीतच दोष. काका दोघांच्या मध्ये तीन वर्षं उभे.

कारखानेवाल्यांचं घर सात वर्षांचं. खालचे कोपरे कोरडे, खोबणीत धूळ आणि एक मेलेली गांधीलमाशी. आतून मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीचं वॉर्निश खालच्या काठाला पिवळं-काळं. बाई म्हणाल्या, तिथं कपडे वाळत घालते. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर सव्वानऊ अंशांच्या खाली गेलेल्या पृष्ठभागावर दव धरतं; आर्द्रता ६० झाली की १२ अंशांनाच. काचेची खालची कड सगळ्यांत थंड, म्हणून डाग तिथं. हा खिडकीचा दोष नाही. तरी आत पारदर्शक वॉर्निश घ्यायचं की झाकणारा रंग, यावर मी डळमळले.

३ फेब्रुवारी

डळमळणं संपलं, वॉर्निशच. लाकूड पाइन. लार्च जास्त टिकाऊ खरं, पण पाऊस ॲल्युमिनियम झेलणार असेल तर जास्तीचे पैसे कशासाठी? ओक सुंदर दिसतं आणि जड असतं. तीन पापुद्र्यांच्या काचेचंच वजन चौरस मीटरला ३० किलो होतं (एक मिमी काच अडीच किलो, काच एकूण १२ मिमी), बिजागऱ्यांवर आणखी भार नको.

१० फेब्रुवारी

तक्ते भरून आले. पहिल्या फेरीत दूरचे कारखानेवाल्यांपेक्षा २२ टक्क्यांनी स्वस्त होते. उतरवणं, सिल, बसवणं, सरकतं दार पहिल्या जातीचं, झाकलेल्या बाजूलाही पूर्ण रंग, एवढं सगळं सारखं धरल्यावर फरक उरला ६ टक्के. शोरूमवाले तेव्हाही वर होते, आताही वर आहेत, फक्त आता त्यांची कडेची पट्टी बदलली आहे.

शोरूमवाल्यांच्या माणसाचा संध्याकाळी फोन. आज सही केली तर सूट. उद्या केली तर? "उद्याही देऊ, मॅडम."

१४ फेब्रुवारी

कारखाना पाहून आलो. लाकडात ओलावामापक टोचून दाखवला: ११.८, १२.४, १२.१. बारा टक्क्यांच्या आसपास हवाच. प्रत्येक दांडा तीन थर चिकटवून केलेला, म्हणजे एका थराला पीळ पडू पाहिला तर बाकीचे धरून ठेवतात. दिसणाऱ्या थरांत जोड नाही, मधल्या थरात बोटांसारखे जोड आहेत.

ज्यासाठी गेले होते ते विचारलं. रंग चौकट जुळवण्याआधी की नंतर? आधी. सुटे दांडे रंगातून काढतात, त्यामुळे कापलेल्या टोकांनाही रंग बसतो, मग जुळवणी. तिथले फोरमन बोलायला लागल्यावर थांबेनात (मेल लिहिणारे ते नसावेत). "जुळवून मग रंगवलं तर सांध्याच्या आत ब्रश कसा जाणार? अन् पाणी तर तिथंच जाणार." पावडर कोटिंग बाहेरून करून आणतात, जाडी ६० मायक्रॉनच्या वर. आम्ही वर्ग २ ची पावडर मागितली, क्वालिकोट या पावडर कोटिंगच्या प्रमाणपत्राच्या नियमात तिला फ्लोरिडाच्या उन्हात तीन वर्षं काढावी लागतात, वर्ग १ ला एक.

१८ फेब्रुवारी

कारखानेवाले. ठरलं.

६ टक्के जास्त का, हे नवऱ्याला समजावताना मलाच नीट कळलं. दूरचे माल देतील आणि बसवणारा दुसरा असेल. काकांच्या कोपऱ्यापुढं उभं राहून झाल्यावर ती व्यवस्था मला नको. कारखानेवाल्यांनी मोजमाप, खिडक्या आणि बसवणं एकाच करारात घेतलं. शोरूमवाले तेही घेत होते, पण त्यांच्या नमुन्यातलं पाणी कोपऱ्यातच थांबलं होतं, आणि त्यावर त्यांचं उत्तर "आजवर कोणाची तक्रार नाही" असं होतं. मी पंधरवड्यापूर्वीच तक्रार डोळ्यांनी पाहून आले होते.

पैसे: ४० टक्के ऑर्डरबरोबर, ५० माल साइटवर आल्यावर आणि तपासल्यावर, १० पाणी मारून पाहिल्यावर. शेवटच्या दहावर बरीच ओढाताण झाली. हमी काचेची, रंगाची आणि बिजागऱ्यांची वेगवेगळी आहे, तिन्हींच्या मुदती करारात लिहून घेतल्या. कंपनी मध्येच बुडाली तर आगाऊ रकमेचं काय, हा प्रश्न विचारताना ओशाळल्यासारखं झालं, पण विचारला. बँक गॅरंटी देतो म्हणाले.

२५ फेब्रुवारी

मोजमाप. माणूस लेझर घेऊन आला, प्रत्येक ओपनिंगची रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. तेरा ठीक. दोन झडपांच्या दाराच्या कर्णांत १४ मिमीचा फरक. मिस्त्री म्हणाले प्लास्टरमध्ये झाकलं जाईल. मोजणारा म्हणाला, चौकट काटकोनातच येणार, मग एका बाजूला फट ८ आणि दुसऱ्या बाजूला २५ होईल, २५ मध्ये फोम भरून काम भागत नाही. ओळंबा लावला तर मिस्त्रींची एक कड कलली होती. कड छाटायला दोन दिवस गेले. मिस्त्री माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाला मात्र आज उत्तर मिळालं: चौकट बाहेरच्या अंगाला, तिचा बाहेरचा काठ उष्णतारोधक थराखाली तीन बोटं झाकला जाईल अशी.

९ मार्च

सहीसाठी रेखाचित्रं आली. सोळा पानं. अकराव्या पानावर अडखळले: न्हाणीघराच्या खिडकीची बिजागरी चुकीच्या बाजूला, झडप उघडली की आरशावर आपटेल. चूक माझीच. माझा तक्ता बाहेरून पाहिल्यासारखा होता आणि त्यांची चित्रं आतून. बाकीची पंधरा पानं पुन्हा तपासली, आणखी एक सापडली. प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात "आतून पाहिल्याप्रमाणे" लिहून मग सही केली. आजपासून दहा आठवडे.

२१ मे

दहाचे साडेदहा आठवडे झाले. ट्रक आला. सरकत्या दाराच्या एका काचेचं वजन दोनशे किलोंच्या घरात, व्हॅक्यूमच्या कपांनी उचलली. एका खिडकीच्या ॲल्युमिनियमवर बोटभर ओरखडा. फोटो, पावतीवर शेरा, मग सही. पट्टी क्लिपांवर असल्यामुळे तेवढीच बदलून मिळेल.

२४ मे

बसवणं सुरू. ओपनिंगच्या तळाला आधी ढाळ, त्यावर दोन्ही टोकं वर दुमडलेला, पाणी अडवणारा पडदा, मग चौकट. भिंत आणि चौकट यांच्यामधली फट तीन थरांत: आतून वाफ अडवणारी टेप, मध्ये फोम, बाहेरून पाऊस अडवणारी पण वाफ सोडणारी टेप. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त घट्ट, म्हणजे ओलावा अडकून न राहता बाहेर जातो.

एका पोरानं सिल बसवून झाल्यावर सवयीनं सिलिकोनची गन उचलली. मी ओरडण्याआधी फोरमनच ओरडले.

२७ मे

पाणी मारलं. प्रत्येक खिडकीवर वीस मिनिटं पाइप, मी आत टॉर्च आणि टिश्यू घेऊन. तेरा कोरड्या. दोन झडपांच्या दाराच्या खाली, मधोमध, टिश्यूला ओल. झडप अर्धा मिलिमीटर खाली बसली होती. बिजागरीला किल्ली लावून उचलली, पुन्हा वीस मिनिटं. कोरडं. दहा टक्के सोडले.

३ जून

आतलं प्लास्टर चालू आहे. सकाळी हायग्रोमीटरवर आर्द्रता ७४ टक्के. लाकडाला ५५-६० च्या वर फार दिवस सोसत नाही, वॉर्निश फुगतं. सगळ्या झडपा कलत्या ठेवल्या, हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर भाड्यानं आणला. चौकटींवर फिल्म लावताना नेहमीची चिकटपट्टी वापरू दिली नाही, ती काढताना वॉर्निशसकट येते. तरीही पाचव्या खिडकीच्या सिलवर सिमेंटचा शिंतोडा सापडला, ओला होता, धुतला. उद्या ग्राइंडरचं काम खिडक्यांपासून लांब करायला सांगायचं आहे. ठिणग्या काचेत रुततात आणि त्या निघत नाहीत.

संध्याकाळी ६८.